चूक एकाची, भुर्दंड दुसऱ्यास

गेल्या हिवाळ्यांतील गोष्ट आहे. १० जानेवारीस पहांटे पांच वाजण्याच्या आधींच आमच्या शाळेच्या फाटकाशीं बेचाळीस विद्यार्थी आणि त्यांस पोंचवावयास आलेले आईबाप उभे होते. थंडी मी म्हणत होती. कोणाजवळ शिदोरीचें गाठोडें, कोणाजवळ आजीची शाल, कोणाजवळ थोरल्या भावाकडून मागून आणलेली पिशवी. वेरूळचीं लेणीं पाहावयास जावयाचें या आनंदांत कित्येकांचा रात्रीं डोळ्यास डोळा लागला नव्हता. पांच वाजले, सहा वाजले, फटफटीत उजाडलें. परंतु बसचा पत्ता नाहीं. ज्या प्रवासी कंपनीकडे आम्हीं बस ठरविली होती तिच्याकडे मोबाइलवरून विचारणा केली, तेव्हां उत्तर मिळालें, “तुमची गाडी १० फेब्रुवारीस आहे. आमच्या संगणकावर तसेंच दिसतें.”

आम्हीं जानेवारी सांगितला होता. आमच्या पत्रांतहि जानेवारीच होता. कंपनीच्या कारकुनानें नोंद करितांना एकाच्या जागीं दोन हा आंकडा घातला होता. मुलांनीं त्या दिवशीं आपल्या शिदोऱ्या वर्गांत बाकांवर बसून खाल्ल्या. दहावीच्या मुलांस परीक्षेमुळें फेब्रुवारींत जातां येणें शक्य नव्हतें. त्यांची सहल राहिली ती राहिलीच. त्यांतील एका मुलीच्या वडिलांनीं सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून वर्गणी भरली होती. ते आम्हांस कांहीं बोलले नाहींत. आणि न बोलल्यामुळेंच ती गोष्ट आमच्या मनास अधिक लागली.

दुसऱ्या दिवशीं आम्ही जाब विचारावयास गेलों. तेथें आम्हांस एकामागून एक तीन उत्तरें मिळालीं. पहिलें, “कारकून नवा होता, त्यास आम्हीं काढून टाकलें आहे.” दुसरें, “संगणकानें जें दाखविलें त्यास आम्ही काय करणार?” तिसरें, “तुम्हांस पावती दिली होती. तीवर तारीख होती. ती तुम्हीं कां वाचली नाहीं?”

पहिल्या दोन उत्तरांनीं आम्हांस राग आला. तिसऱ्या उत्तरानें मात्र आम्ही निरुत्तर झालों. कारण ती पावती तीन आठवडे आमच्याच कपाटांत पडून होती, आणि तीवर १०-२ हे आंकडे कोणासहि वाचतां येतील इतके स्पष्ट होते. भरलेली आगाऊ रक्कम चौथ्या पत्रानंतर परत आली. परंतु तेव्हांपासून एक प्रश्न आमच्या मनांत घोळत आहे: कंपन्या, बँका व कचेऱ्या कागदांत चूक करितात, तेव्हां तिची जबाबदारी कोणाची? ज्यास या प्रश्नाचा कधींच चटका बसला नाहीं असें घर आमच्या वाचकांपैकीं क्वचितच सांपडेल. म्हणून वरील तीन उत्तरांचा येथें क्रमानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कारकुनाची गोष्ट घेऊं. आम्हीं पैसे कारकुनास दिले नव्हते, कंपनीस दिले होते. पावतीवर नांव कंपनीचें, शिक्का कंपनीचा. त्या कारकुनानें हजार नोंदी बिनचूक केल्या तर त्यांचा नफा कंपनीच्या पेटींत जातो. मग त्यापुढची एक नोंद चुकली कीं तेवढी मात्र कारकुनाची, हा कोठला न्याय? नोकरानें धन्याच्या वतीनें, आपल्या अधिकारांत राहून केलेला व्यवहार धन्यास बांधतो, हें तत्त्व १८७२ च्या भारतीय करार कायद्यांत आहे. वाशीमच्या किंवा कारंज्याच्या बाजारांत अडत चालविणाऱ्या सचोटीच्या व्यापाऱ्यास तें कायद्यानें शिकवावें लागत नाहीं. दिवाणजीनें चुकून कमी मांडलेली रक्कम तो शेतकऱ्यास गल्ल्यांतून काढून देतो, आणि दिवाणजीशीं काय बोलावयाचें तें मागाहून बोलतो.

‘मागाहून’ हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. १९९३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यांत एक मोठा निवाडा दिला. त्या प्राधिकरणाकडून घर घेणाऱ्या एका गृहस्थास विनाकारण रखडविण्यांत आलें होतें. सरकारी संस्थाहि ग्राहकास जबाबदार आहेत, असें न्यायालयानें ठरविलें. शिवाय असेंहि सांगितलें कीं, त्रासाबद्दलची भरपाई ग्राहकास संस्थेनें आधीं द्यावी, आणि मग ज्या अधिकाऱ्यांच्या हातून दोष घडला त्यांच्याकडून ती वसूल करावी. आमच्या मतें सगळ्या प्रश्नाची किल्ली या क्रमांत आहे. बाहेरच्या माणसाची भरपाई आधीं. घरांतला हिशेब मागाहून. आमच्या कंपनीनें नेमका हा क्रम उलटा केला. कारकुनास पहिल्याच दिवशीं काढून टाकलें, आणि आमचे पैसे मात्र चार पत्रांपर्यंत अडकवून ठेविले.

त्या कारकुनाविषयीं आम्हांस अद्यापि वाईट वाटतें. तो याच जिल्ह्यांतला वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता. त्यास काम कोणीं शिकविलें होतें? दिवसास किती नोंदी त्याच्याकडून करून घेत होते? त्यानें लिहिलेलें दुसऱ्या कोणीं तपासून पाहावें अशी कांहीं व्यवस्था होती काय? या प्रश्नांचीं उत्तरें देण्यापेक्षां त्यास घरीं बसविणें सोपें होतें. चोर सोडून संन्याशास फांशी म्हणतात ती हीच.

आतां दुसरें उत्तर: संगणकाची चूक. आमचें वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांची एक राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा येथें मिळालेला ताम्रपट इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. जुन्या ताम्रपटांत दान देणाऱ्याच्या नांवाबरोबर लेख लिहिणाऱ्याचें नांव देण्याचीहि चाल होती. तांब्यावर कोरलेलें अक्षर पुसतां येत नाहीं. तेव्हां तें कोणाच्या हातचें हें पुढील पिढ्यांस ठाऊक असावें, हा त्यांतील अर्थ. आजच्या पावतीच्या तळाशीं काय लिहिलेलें असतें? “ही संगणकीय पावती असून हीवर सहीची आवश्यकता नाहीं.” सहीची आवश्यकता नसेल, परंतु सहीबरोबर सही करणाराहि नाहींसा झाला, आणि त्याच्याबरोबर जबाबदारीहि नाहींशी झाली, असें समजण्याची चाल पडत आहे, ती मोठी घातुक आहे.

ती किती घातुक होऊं शकते हें ब्रिटनमध्यें दिसून आलें. तेथील टपालखात्यानें १९९९ पासून आपल्या कचेऱ्यांत ‘होरायझन’ नांवाची फुजित्सू कंपनीची संगणकप्रणाली बसविली. तिच्या हिशेबांत तूट दिसूं लागली, आणि खेड्यापाड्यांतील प्रामाणिक पोस्टमास्तर चोर ठरूं लागले. “आमच्या हातून पैसा गेला नाहीं, यंत्रांत कांहीं बिघाड असावा,” असें ते सांगत राहिले. परंतु यंत्र चुकणार नाहीं हें गृहीतच धरलेलें होतें. २०१५ पर्यंत नऊशेंहून अधिक लोकांवर गुन्हे शाबीत झाले; कित्येक तुरुंगांत गेले, कित्येकांचीं घरेंदारें विकलीं गेलीं. अखेर २०१९ सालीं तेथील उच्च न्यायालयानें प्रणालींतच दोष होते असा निर्णय दिला, आणि २०२४ सालीं पार्लमेंटास खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. यंत्राचा शब्द माणसाच्या शब्दाहून मोठा मानला, त्याची ही किंमत.

कॅनडांतील एक खटला याहून लहान, पण मोठा बोधप्रद आहे. २०२२ सालीं आजी वारल्यामुळें प्रवासास निघालेल्या एका गृहस्थानें एअर कॅनडा या विमानकंपनीच्या संकेतस्थळावरील उत्तरें देणाऱ्या यंत्रास सवलतीविषयीं विचारलें. यंत्रानें सांगितलें, तिकीट आधीं काढा, सवलत मागाहून मागतां येईल. कंपनीचा नियम तसा नव्हता, म्हणून पुढें तिनें सवलत नाकारली. वाद न्यायाधिकरणापुढें गेला तेव्हां कंपनीनें चमत्कारिक बचाव केला: तें यंत्र आपल्या बोलण्यास स्वतःच जबाबदार आहे! २०२४ च्या फेब्रुवारींत न्यायाधिकरणानें हा बचाव फेटाळला, आणि आपल्या संकेतस्थळावरील सर्व मजकुरास कंपनीच जबाबदार आहे असें सांगून तिला भरपाई देण्यास लाविलें. लेखणी चुकली म्हणून कोणी लेखणीस शिक्षा करीत नाहीं. संगणक ही लेखणीच आहे. फार वेगानें लिहिणारी, एवढेंच.

आतां तिसरें उत्तर, ज्यानें आम्हांस गप्प बसविलें. पावती आम्हीं वाचावयास पाहिजे होती, हें आम्ही मान्य करितों. ज्या दिवशीं ती हातांत पडली त्याच दिवशीं तीवर नजर टाकली असती तर एका वाक्यांत काम झालें असतें. मुलांना रोज “उत्तरपत्रिका देण्याआधीं एकदां वाचून पाहा” असें सांगणाऱ्यांनीं स्वतः तेंच केलें नाहीं. या दोषाचें माप आमच्या पदरांत घालण्यास आमची हरकत नाहीं.

परंतु मापास माप असावें. बरोबर लिहिण्याचे पैसे कंपनीनें घेतले होते. वाचण्याचे पैसे आम्हांस कोणीं दिले नव्हते. न वाचण्यानें आमची चूक कंपनीच्या चुकीशेजारीं येऊन बसली. तिच्या जागीं नव्हे. नाहीं तर प्रत्येक निष्काळजी कंपनीस एक सोपी युक्ति सांपडेल: वाटेल तसें लिहावें, कागद हातांत द्यावा, आणि चोवीस तासांनीं म्हणावें, “आतां चूक तुमची.” शिवाय ‘वाचा’ असें म्हणणाऱ्यानें कागद वाचतां येईल असा द्यावा. आमच्या जिल्ह्यांतील एखाद्या शेतकऱ्यास इंग्रजींत, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेली पावती मोबाइलवर पाठवावयाची, तोहि मोबाइल पुण्यास कामावर गेलेल्या मुलाजवळ असावयाचा, आणि मग त्या बापास “तुम्हीं वाचलें कां नाहीं” असें विचारावयाचें, ही त्याच्या जखमेवर मीठ चोळण्याची रीत आहे.

सहल बुडाली तर मुलांचा हिरमोड होतो. पण पीकविम्याचा कागद चुकला तर घराचें वर्ष बुडतें. वाशीम, मालेगांव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या आमच्या सहाहि तालुक्यांत सोयाबीन हें मुख्य पीक झालें आहे. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून चालू आहे. तींत नांव नोंदवितांना शेताचा गट क्रमांक, क्षेत्र, पीक आणि बँकेच्या खात्याचा क्रमांक लिहावा लागतो. यांपैकीं एक आंकडा इकडचा तिकडे झाला कीं अतिवृष्टीनें शेत पाण्याखालीं गेलेलें डोळ्यांना दिसत असूनहि कागदावर दिसत नाहीं. मग बँक म्हणते, विमाकंपनीस विचारा. विमाकंपनी म्हणते, सुविधा केंद्रास विचारा. आणि केंद्रवाला म्हणतो, तुम्हीं सांगितलें तेंच मीं भरलें. वास्तविक बँकेच्या शाखेच्या किंवा पतपुरवठा संस्थेच्या चुकीमुळें शेतकरी लाभास मुकला तर तें नुकसान त्या संस्थेनेंच भरून द्यावें, असें त्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलें आहे. म्हणजे ‘चूक कोणाची’ या प्रश्नाचें उत्तर लिहून ठेवलेलें आहे. उणीव आहे ती तें उत्तर ठाऊक असणाऱ्यांची, आणि मूळ कागद जपून ठेवणाऱ्यांची.

जें विम्याचें तेंच तिकिटाचें आणि वस्तूंच्या मागणीचें. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागीं २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. त्यांत निष्काळजीपणानें केलेलें काम ही सेवेंतील त्रुटि मानलेली आहे. कंपनीची मुख्य कचेरी मुंबईस किंवा दिल्लीस असली तरी ग्राहकास आपण राहतों त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करितां येते. ती दोन वर्षांच्या आंत करावी लागते. पांच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास फी पडत नाहीं. आणि वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडून सल्लाहि मिळतो.

तथापि न्यायाची वाट लांबची आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. १९९९ च्या नाताळांत मथुरा स्टेशनावर एका वकिलांनीं दोन तिकिटें काढलीं. सत्तर रुपयांच्या जागीं नव्वद रुपये घेण्यांत आले. वीस रुपयांची ही चूक तेथल्या तेथें दुरुस्त झाली नाहीं, म्हणून ते ग्राहक मंचाकडे गेले. आणि २०२२ सालीं, म्हणजे बावीस वर्षांनीं, निकाल त्यांच्या बाजूनें लागला. वीस रुपये व्याजासह आणि वर पंधरा हजार रुपये भरपाई त्यांस द्यावी असा हुकूम झाला. कोणी म्हणेल, वीस रुपयांसाठीं एवढा खटाटोप कशास? आम्हांस उलट विचारावेंसें वाटतें: वीस रुपये परत देण्यास बावीस वर्षें कां लागावीं?

कंपन्यांच्या बाजूनेंहि एक म्हणणें आहे. प्रत्येक चुकीची भरपाई करावयाची तर खर्च वाढेल, आणि तो शेवटीं ग्राहकांकडूनच घ्यावा लागेल, असें ते म्हणतात. हें अगदींच खोटें नाहीं. परंतु चुकीचा खर्च आजहि होतच आहे. फक्त तो ज्याची चूक नाहीं असा माणूस मजुरी बुडवून आणि हेलपाटे घालून भरीत आहे. ज्याच्या हातीं चूक टाळणें आहे त्याच्याच पदरीं तिचा खर्च पडला, तर चुका आपोआप कमी होतील. दुसऱ्याच्या खिशांतून जाणारा दंड कोणास शहाणा करीत नाहीं. शिवाय पूर्वीं जें काम खिडकीमागचा कारकून करी तें आज कंपन्यांनीं मोबाइलवरून ग्राहकाच्याच गळ्यांत घातलें आहे. नांव आपण लिहावयाचें, तारीख आपण निवडावयाची. तेथें आपल्या हातून चूक झाली तर ती आपली, हें खरें. परंतु ज्यांनीं कारकुनाचा पगार वांचविला त्यांनीं निदान चूक लगेच सुधारून घेण्याची सोय तरी सढळ हातानें द्यावी.

येथपर्यंत दुसऱ्यांस सांगितलें. आतां थोडें आमच्याविषयीं. शाळा हीहि कागद लिहिणारी संस्थाच आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही ज्या शाळेंत होतों तेथें मानोरा तालुक्यांतील एका खेड्याचा मुलगा दाखल झाला. त्याच्या वडिलांचें नांव ‘मारोती’. नोंदवहींत लिहितांना आम्हीं आपल्या शुद्धलेखनाच्या अभिमानानें तें ‘मारुती’ केलें. दहावीनंतर शिष्यवृत्तीच्या वेळीं मुलाचा दाखला एक सांगूं लागला, आणि बापाचा सातबारा व आधारकार्ड दुसरें. वडील शाळेंत आले तेव्हां आम्हीं त्यांस काय विचारलें? “प्रवेशाच्या वेळीं तुम्हीं पाहिलें कां नाहीं?” ते खालीं मान घालून म्हणाले, “सर, मले वाचतां येत नाहीं.”

त्या गृहस्थांनीं चार वेळां मजुरी बुडवून खेटे घातले. शाळेच्या नोंदवहींतील नांव दुरुस्त करावयाचें तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. तो प्रस्ताव करून पाठविणें आमचें काम होतें; परंतु अर्ज आणा, प्रतिज्ञापत्र आणा, असें म्हणून आम्हीं तें ओझें त्यांच्याच डोक्यावर दिलें. १९९८ सालीं वाशीम हा वेगळा जिल्हा झाला, त्यापूर्वीं अशा कामासाठीं अकोल्यास जावें लागे. जिल्ह्याचें ठिकाण जवळ आलें. आमची जबाबदारीची जाणीव मात्र तितकी जवळ आली नव्हती. प्रवासी कंपनीच्या कचेरींत तें तिसरें उत्तर ऐकतांना आम्हांस त्या मारोतरावांची आठवण झाली, आणि आपलेच शब्द आपल्याकडे परत आले आहेत असें वाटलें. आतां प्रवेशाच्या वेळीं प्रत्येक नोंद पालकांस मोठ्यानें वाचून दाखवावी, आणि चूक आमची निघाल्यास दुरुस्तीचा प्रस्ताव आम्हींच न्यावा, असा नियम आम्हीं स्वतःस घालून घेतला आहे.

विद्यार्थिमित्रहो, आज तुम्ही खिडकीच्या बाहेर उभे आहां. उद्यां तुमच्यांपैकीं कित्येक खिडकीच्या आंत बसतील. कोणी बँकेंत, कोणी तहसिलींत, कोणी स्टेशनावर, कोणी स्वतःचें दुकान काढून. तोंपर्यंत एक काम आजच करतां येईल. घरीं आलेला प्रत्येक कागद, मग तो विम्याचा असो, तिकिटाचा असो कीं वीजबिलाचा असो, आईवडिलांस त्याच दिवशीं वाचून दाखवा. नांव, तारीख, रक्कम, क्रमांक या चार गोष्टी ताडून पाहा, आणि कागद जपून ठेवा. आणि जेव्हां खिडकीच्या आंत जाल, तेव्हां लिहिलेलें समोरच्यास वाचून दाखविल्यावांचून शिक्का मारूं नका. चूक झाली तर ‘यंत्राची’, ‘नव्या माणसाची’ किंवा ‘तुमचीच’ असें म्हणण्याआधीं ती दुरुस्त करा. चूक कबूल केल्यानें नोकरी जाईल अशी ज्यास भीति वाटत नाहीं असा नोकर, आणि ज्याच्यामुळें तशी भीति वाटत नाहीं असा धनी, हे दोघे जेथें असतील तेथें लोकांस खेटे घालावे लागणार नाहींत.

जातां जातां एक विनंति. या अंकांत पुष्कळ मुलांचीं नांवें छापलीं आहेत. त्यांपैकीं एखादें चुकलें असल्यास तो दोष छापखान्याचा नव्हे कीं संगणकाचा नव्हे. मुद्रितें तपासणाऱ्या आमचा समजावा, व आम्हांस अवश्य कळवावा. पुढील अंकांत पहिल्याच पानावर तें नांव शुद्ध करून छापण्यांत येईल. मात्र शुद्ध म्हणजे काय, हें या वेळीं त्याच्या वडिलांस विचारून ठरवूं.